घरी करावयाचा आकाशकंदील

वसुबारसेच्या तिन्हीसांजेला दारावर आकाशकंदील लागला की दिवाळी आली, असे महाराष्ट्रातील घराघरांत मानले जाते. या कंदिलाचे मूळ आकाशदीपात आहे. आश्विन सरून कार्तिक लागताना उंच वेळूच्या टोकाशी दिवा टांगावा, तो विष्णूप्रीत्यर्थ आणि पितरांना वाट उजळावी म्हणून, असा हा जुना आचार. काशीच्या घाटांवर कार्तिकात असे दिवे अजूनही टांगले जातात. उघड्यावरचा दिवा वाऱ्यापासून जपावयाचा तर त्याला आडोसा हवाच, आणि आडोसा करावयाचाच तर तो रंगीत व शोभिवंत का करू नये, हा विचार मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

हल्ली हा आडोसा बहुतेक घरी विकत येतो. मुंबईत माहीमची कंदील गल्ली दिवाळीच्या आधी पाहावी. नाना आकारांची तेथे दाटी झालेली असते. त्या कारागिरांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु घरोघरची मुले कामट्या व कागद घेऊन बसत, ती चाल मात्र मागे पडत चालली आहे. याचे कारण केवळ आळस किंवा पैशाची सुबत्ता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ घरांत एखाद्या वर्षी हौसेने कंदील होतो. तो एका अंगाला कलतो, कागदाला सुरकुत्या पडतात, दोन दिवसांत त्याची एक बाजू बसते. मुलांचा विरस होतो, वडील माणूस मुकाट्याने बाजारात जाऊन तयार कंदील आणते, आणि पुढील वर्षी कामट्यांचे नाव कोणी काढीत नाही. या फजितीत दोष कागदाचा नसतो, मुलांच्या हातांचा तर नसतोच. तो सांगाड्यातील भूमितीचा असतो, व त्यावरचा उपाय पैशाभराचा आहे.

आपला परंपरागत कंदील नीट न्याहाळून पाहावा. त्यात सारख्या मापाचे सहा चौरस असतात. एक माथ्यावर आडवा, एक तळाशी आडवा, आणि चार बाजूंना कोपऱ्यावर उभे केलेले, म्हणजे शंकरपाळ्यासारखे दिसणारे. चौरस एकमेकांना फक्त कोपऱ्यांनी भिडतात, आणि त्यांच्यामधील मोकळ्या जागांत आठ समभुज त्रिकोण आपोआप उत्पन्न होतात. आर्किमिडीज या ग्रीक पंडिताच्या नावाने ज्या तेरा घनाकृती गणितात प्रसिद्ध आहेत, त्यांपैकीच ही एक. आपल्या गल्लीतील दहा वर्षांचा मुलगा ती दरसाल दोऱ्याने बांधीत आला, हे त्याला कोणी सांगितले नाही एवढेच!

आता या आकृतीचे मर्म असे. तीन काड्या टोकांशी बांधल्या की त्रिकोण होतो, व तो दाबला तरी आकार सोडीत नाही. चार काड्यांच्या चौरसाचे तसे नाही. कोपऱ्याला बोटाने रेटले की तो तिरका होतो. कंदिलात आठ त्रिकोण आहेत, तेव्हा ते सांगाडा सावरून धरतील असे वाटते; पण सहाही चौरस सैल असले तर ते त्रिकोण गाठींभोवती फिरतात आणि सबंध सांगाडा पिळवटून खाली बसतो. नुसता हाताने दाबून हा प्रयोग कोणासही करता येईल. उलटपक्षी प्रत्येक चौरस आधीच घट्ट करून घेतला, तर सांगाडा उलटासुलटा ठेवला तरी तसूभर हलत नाही. म्हणून कंदिलाचे खरे काम कागदापाशी नसून जमिनीवर चौरस बांधण्यापाशी आहे.

साहित्य अगदी थोडके. बांबूच्या पाव इंच रुंदीच्या, गुळगुळीत तासलेल्या चोवीस कामट्या घ्याव्यात, प्रत्येकी दहा इंचांच्या. एकूण वीस फूट. टोकाशी पेर येऊ देऊ नये, तेथे दोरा नीट बसत नाही. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून अर्धा इंच आत पेन्सिलीने खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर नऊ इंच भरले पाहिजे, कारण कंदिलाचे माप कामटीच्या लांबीवर नसून गाठीगाठींतील अंतरावर ठरते. कामट्या वीतभर कापून टोकाशीच बांधणारे येथेच चुकतात. एक गाठ आत सरकते, दुसरी बाहेर, आणि मग चौरस जुळत नाहीत.

खुणेवर खूण ठेवून चार कामट्या सुती दोऱ्याने बांधाव्यात व दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजावेत. नऊ इंचांच्या चौरसाचा कर्ण पावणेतेरा इंचांहून किंचित कमी असतो. पण आकड्याशी फारसे कर्तव्य नाही, दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे झाले. सारखे येताच त्या दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधून टाकावा. फुलीसारखा हा दोरा म्हणजेच वर सांगितलेला पैशाभराचा उपाय. माथ्याच्या चौरसात मात्र दोऱ्याऐवजी एका कर्णावर सबंध कामटी बांधावी. ती चौरसही ताठ धरते व दिवा टांगण्यासही उपयोगी पडते. गाठींवर खळ चोपडून एक रात्र वाळू द्यावे.

दुसऱ्या दिवशी बाजूचे चार चौरस कोपऱ्यावर उभे करून डाव्याउजव्या कोपऱ्यांनी एकमेकांस बांधले की कडे तयार होते. त्यांच्या वरच्या चार टोकांना माथ्याचा चौरस, खालच्या चार टोकांना तळाचा. कड्यात चार गाठी, वर चार, खाली चार, अशा बारा गाठींत काम संपते. एकाने धरावे व दुसऱ्याने बांधावे. हे एकट्याचे काम नव्हे, आणि नसावेच.

खळीसाठी एक चमचा मैदा पाच-सहा चमचे थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवून मंद आचेवर ढवळीत राहावे. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरावी. कीड लागू नये म्हणून जुने लोक तीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे. लहान मुले बोटे चाटीत काम करतात, तेव्हा घरच्या खळीत ते न घातलेले बरे.

कागद पतंगी घ्यावा. जिलेटिनचा कागद चकाकतो खरा, पण त्यातून दिवा जसाच्या तसा दिसतो व डोळ्यांत खुपतो. पतंगी कागदात प्रकाश पसरतो आणि सबंध बाजू उजळते. गडद निळा वा जांभळा कागद दिवसा उठून दिसतो, रात्री मात्र काळवंडतो. पांढरा, पिवळा, केशरी, गुलाबी हे रात्रीचे रंग. बाजूचे चार चौरस एका रंगाचे व आठ त्रिकोण दुसऱ्या रंगाचे करावेत. दुमडीसह सुमारे आठशे चौरस इंच कागद लागतो. माथा व तळ उघडा ठेवावा, म्हणजे आत हात जातो व उष्ण हवा वर निघून जाते. कागद चिकटवून वाळला की त्यावर पाण्याचा अगदी हलका तुषार मारावा. पुन्हा वाळताना तो आक्रसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताठ होतो. तत्पूर्वी एका तुकड्यावर रंग उतरतो का ते पाहून घ्यावे. झिरमिळ्यांविषयी सांगण्याची गरज नाही, ते मुलांना उपजतच ठाऊक असते. त्या तळाच्या चौरसाला व कड्यातील चार गाठींना लावाव्यात, दिव्याच्या जवळ नव्हे.

दिव्याची जागा हाही या आकृतीतील एक चमत्कार आहे. केंद्रापासून बाराही गाठींचे अंतर बरोबर बाजूइतकेच, म्हणजे नऊ इंच, असते. माथ्याच्या चौरसाखाली सहा इंचांहून थोडे अधिक अंतरावर दिवा टांगला की तो केंद्रात येतो, चौरस व त्रिकोण जवळजवळ सारखेच उजळतात आणि कागद कोठेही तापत नाही. पूर्वी तारेचा चाळीस वॅटचा दिवा लावीत. त्यातील बहुतेक वीज उष्णतेतच जाई, व त्याला टेकलेला कागद करपत असे. आता पाच वॅटचा एलईडी दिवा पुरतो. तो पिवळसर प्रकाशाचा घ्यावा. निळसर पांढऱ्या दिव्यात तांबडा अंश कमी असल्याने केशरी व गुलाबी कागद फिके पडतात. पणती किंवा मेणबत्ती या कंदिलात मुळीच ठेवू नये. वाऱ्याने कंदील एकदा झुलला की ज्योत व कागद यांत अंतर उरत नाही, आणि सज्ज्याला लागून वाळत घातलेली वस्त्रे असतात. परतीचा पाऊस कधी कधी दिवाळीपर्यंत रेंगाळतो, म्हणून तारेचा सांधा उघडा न ठेवता छपराच्या आत घ्यावा. कंदिलाचा भार तारेवर पडू देऊ नये. माथ्याच्या चारही कोपऱ्यांना दोरी बांधून तिच्यावर तो टांगावा.

कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर कंदील उतरवून कागद ओल्या फडक्याने सोडवून काढावा, खळीचा अंश पुसावा, म्हणजे झुरळे येत नाहीत. सांगाडा कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला तर कित्येक वर्षे टिकतो. पुढील दिवाळीला फक्त कागद व खळ लागते, आणि रंग कोणता घ्यावयाचा यावर घरात आठवडाभर वाद चालतो.