वणव्यानंतरचा पहिला पाऊस

वणवा विझला म्हणजे संकट टळले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु डोंगरपायथ्याच्या वस्तीला खरा धोका पुष्कळदा त्यानंतरच्या पहिल्या जोरदार सरीने निर्माण होतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डिसेंबर २०१७ मध्ये ‘थॉमस’ नावाने ओळखल्या गेलेल्या वणव्यात सुमारे २ लाख ८२ हजार एकर क्षेत्र जळाले. ९ जानेवारी २०१८ रोजी पहाटे त्या जळक्या डोंगरावर थोडा वेळच, पण अतिशय जोराचा पाऊस झाला. काही मिनिटांतच चिखल, झाडांचे ओंडके व मोठमोठे धोंडे घेऊन ओढे माँटेसिटो या गावावर कोसळले. २३ माणसे दगावली व शंभरांहून अधिक घरे नष्ट झाली. मृतांपैकी पुष्कळ जण ज्या भागातून निघणे सक्तीचे नव्हते, केवळ इशारा दिलेला होता, अशा भागात राहत होते.

असे का घडते?

झाडे, गवत व पालापाचोळा हे जमिनीचे पांघरूण होय. ते पावसाचा मारा झेलते व पाणी मुरवते. वणव्यात ते नाहीसे होते. शिवाय तीव्र आगीत पाल्यातील मेणचट द्रव्यांची वाफ होऊन ती मातीत शिरते आणि थोड्या खोलीवर थंड होऊन कणांवर बसते. अशा थरातून पाणी सहजासहजी मुरत नाही. ते राख व सुटी माती घेऊन उतारावरून धावते. घळीत साठलेले दगडगोटे त्यात मिसळले, की ओल्या काँक्रीटसारखा जड लोंढा तयार होतो. म्हणून येथे एकूण पावसापेक्षा त्याचा जोर महत्त्वाचा ठरतो. दक्षिण कॅलिफोर्नियात अर्ध्या तासात केवळ ७ मिलीमीटर पावसानेही असे लोंढे आलेले आहेत. पहिली दोन वर्षे विशेष धोक्याची असतात.

आपल्याकडे काय करावे?

सह्याद्रीतील गवताचा वणवा बहुधा झपाट्याने पुढे सरकतो. त्यामुळे जमीन तितकी खोल तापत नाही. तथापि उन्हाळ्यात उघडा पडलेला उतार वळवाच्या सरीत माती गमावतो, हे शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. यास्तव पुढील काळजी घ्यावी :

१. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जळालेले उतार व त्याखालील ओढ्याकाठची घरे पावसाळ्यापूर्वी पाहून ठेवावीत.
२. नाले व मोऱ्यांतील ओंडके, दगड काढून टाकावेत.
३. ओढ्याच्या पात्रात गुरे बांधू नयेत. तेथे रात्रीचा मुक्कामही करू नये.
४. वर गडगडाट ऐकू आल्यास अथवा पाणी एकाएकी गढूळ झाल्यास ओढ्याच्या दिशेने न धावता बाजूच्या उंचवट्यावर जावे.

लोंढा दिसल्यावर निघण्यास वेळ उरत नाही. म्हणून जोराच्या पावसाचा इशारा मिळताच, सर येण्यापूर्वीच, घर सोडावे.