सौम्यांचे वतन

मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, येशू ज्यांना धन्य म्हणतो त्यांत सौम्य माणसे आहेत, आणि त्यांच्या वाट्याला तो चक्क पृथ्वी देतो. मराठी बायबलमध्ये इथे 'वतन' हा शब्द आला आहे. वतन म्हणजे काय आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या किती भांडणे झाली, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. त्यामुळेच हे आश्वासन पटणे कठीण जाते, कारण जमीन नेहमी दांडग्यांच्या हाती गेलेली आपण पाहतो. येशूने हा विचार ३७व्या स्तोत्रातून घेतला आहे. दुष्टांची भरभराट पाहून ज्यांचा जीव जळतो, त्यांना ते स्तोत्र धीर देते. तिथल्या मूळ हिब्रू शब्दात गांजलेला, नाडलेला आणि तरीही देवावर भिस्त ठेवणारा, असे सारे अर्थ एकत्र आहेत. म्हणजे सौम्यता हा स्वभावाचा गोडवा नव्हे. अन्याय डोळ्यांसमोर असताना सूडाची वाट न धरणे, असा तिचा अर्थ आहे.

ही सौम्यता मुकी नसते, याचे पुरावे बायबलमध्येच आहेत. गणना या पुस्तकात मोशेला पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हटले आहे, आणि हाच मोशे आपल्या लोकांच्या सुटकेसाठी फारोसमोर उभा राहिला होता. हे वर्णन कुठे येते तेही पाहण्यासारखे आहे. सख्खी भावंडे, मिर्याम आणि अहरोन, त्याच्याविरुद्ध बोलतात, तेव्हा तो स्वतःची बाजू मांडत नाही. उलट मिर्यामला कोड उठते तेव्हा तिच्यासाठी देवाकडे गयावया करतो. लोकांसाठी झुंजणारा, पण स्वतःच्या मानापमानासाठी न झुंजणारा, असा हा माणूस. येशूनेही मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथले. पुढे प्रमुख याजकासमोर शिपायाने त्याला थोबाडीत मारली, तेव्हा त्याने हात उगारला नाही, पण मारण्याचे कारण मात्र तिथल्या तिथे विचारले. मला हा प्रसंग सगळ्यांत बोलका वाटतो.

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने १८८७ मध्ये आक्षेप घेतला, की दुबळ्यांनी आपल्या असहायतेलाच सद्‌गुणाचे नाव दिले आहे. काही भाविकांच्या बाबतीत हा संशय खराही असेल. पण योहानाच्या शुभवर्तमानात शिष्यांचे पाय धुणारा असहाय नाही, तो त्यांचा गुरू आहे. दासाचे ते काम गुरूने करावे हे पेत्राला सहन होत नाही, म्हणून तो आधी नकार देतो. याहून जड आक्षेप इतिहासाचा आहे. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी पौलाच्या पत्रांचा आधार घेत गुलामांना आज्ञाधारकपणा शिकवला, आणि घरोघरच्या बायकांनाही सोसण्याचे धडे मिळाले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तसे करताना शिकवणीची दिशाच उलटी केली गेली. फिलिप्पैकरांस पत्रात देवाच्या बरोबरीचा असलेला ख्रिस्त स्वतःला रिक्त करून दास होतो. तिथे वरचा खाली उतरतो. खालच्याला आणखी दाबण्याचा परवाना त्यातून कुणालाच मिळत नाही.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात ही दिशा स्पष्ट दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींना त्यांच्याकडून मुकाट आज्ञापालन हवे होते. रमाबाईंनी ख्रिस्ताला मानले, पण स्वतःची सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली केली नाही. १८९७च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे कसे हाल होतात, यावर त्यांनी जाहीरपणे लिहिले. हा उद्धटपणा, असे कुणी म्हणेल. पण त्या भांडल्या त्या दुसऱ्यांसाठी. त्याच काळात दुष्काळाने उघड्यावर आणलेल्या शेकडो मुली त्या केडगावला आणून सांभाळत होत्या. ज्या विद्वत्तेसाठी कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटले होते, ती त्यांनी अखेरच्या वर्षांत बायबलच्या भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मराठी मात्र अशी साधी ठेवली, की नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेड्यातल्या बाईलाही ती वाचता यावी. ते बायबल छापले गेले केडगावच्याच छापखान्यात, त्यांच्या 'मुक्ती' या आश्रमातल्या बायकामुलींच्या हातून.