बारावीनंतरचा विद्यापीठ प्रवेश (परभणी जिल्हा)

परभणी जिल्ह्यातील बारावी उत्तीर्ण विद्यार्थी सार्वजनिक विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमास मुख्यतः दोन मार्गांनी प्रवेश घेतात. कला, वाणिज्य व विज्ञान या पारंपरिक शाखांसाठी अर्ज विद्यापीठाकडे न करता त्याच्याशी संलग्न असलेल्या महाविद्यालयाकडे करावा लागतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी इत्यादी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. या दोन्ही प्रक्रियांचे वेळापत्रक व नियम स्वतंत्र आहेत. मानवतसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यांचे नुकसान बहुधा हा भेद वेळेवर न उमगल्याने होते.

पार्श्वभूमी

१९५८ पूर्वी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी (स्थापना १९१८) संलग्न होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली व नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. तो स्वतंत्र जिल्हा १९९९ मध्ये झाला.

बारावीची परीक्षा मात्र छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळ घेते. त्यामुळे मानवतच्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका एका शहरातून येते आणि पदवी दुसऱ्या शहरातून मिळते. नवख्या पालकांचा येथे गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

महाविद्यालयामार्फत प्रवेश

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ (अंमल १ मार्च २०१७ पासून) लागू असलेल्या विद्यापीठांत पदवीचे अध्यापन प्रामुख्याने संलग्न महाविद्यालयांत होते. नांदेड येथील विद्यापीठ परिसरातील संकुले मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. बी.ए., बी.कॉम. वा बी.एस्सी.साठी मानवतचा विद्यार्थी गावातील के. के. एम. महाविद्यालयात किंवा परभणी, सेलू, पाथरी येथील महाविद्यालयांत अर्ज करू शकतो. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यास कला शाखेत जाता येते. कला शाखेतून बी.एस्सी.ला जाता येत नाही. म्हणून पदवीचा निम्मा निर्णय दहावीनंतरच झालेला असतो.

प्रवेश झाल्यावर महाविद्यालय विद्यार्थ्याची कागदपत्रे पात्रतेसाठी विद्यापीठाकडे पाठवते. पात्रता मंजूर होईपर्यंत हा प्रवेश तात्पुरता समजला जातो.

सामाईक प्रवेश परीक्षा

व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच्या एमएचटी-सीईटी या परीक्षेचे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र असे दोन गट आहेत. तिचा अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरावा लागतो. निकाल पाहून ठरवू, असे म्हणणाऱ्याचे ते वर्ष हातचे जाते. परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी वेगळी नोंदणी, कागदपत्रांची छाननी, गुणवत्ता यादी आणि विकल्प अर्ज असे टप्पे येतात. विकल्पांचा क्रम स्वतःच्या पसंतीनुसार लावावा. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाल्यास तो स्वीकारावा लागतो. नाकारल्यास पुढील फेऱ्यांची संधी राहत नाही.

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १८ मे १९७२) घराजवळ असले, तरी त्याच्या पदवी प्रवेशासाठीही हाच मार्ग आहे. कृषी विद्यापीठांचा कायदा (१९८३) निराळा आहे. या प्रवेशात सात-बारा जोडणाऱ्या शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यास भारांक देण्याची पद्धत आहे.

केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही वेगळी परीक्षा घेतली जाते.

दाखले

जातीचा दाखला असणे आणि त्याची पडताळणी झालेली असणे या भिन्न गोष्टी आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमातील आरक्षित जागेसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो. काही वर्षी शासनाने समितीकडील अर्जाची पावती ग्राह्य धरून मुदत दिली आहे, पण अशा सवलतीवर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे. वडिलांकडील नातेवाइकांचे शाळा प्रवेश-निर्गम उताऱ्यांसारखे जुने पुरावे शोधण्यात महिने जातात. त्यामुळे हा अर्ज अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करणे इष्ट. इतर मागासवर्गीयांना नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही आवश्यक असते आणि त्याची वैधता ३१ मार्चला संपते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या जागेसच ती लागू होते. व्यवस्थापन कोट्यातून घाईने प्रवेश घेतल्यास मुलीची ही सवलत जाते, हे अनेकांना शुल्क भरून झाल्यावर कळते.

दोन वेळापत्रकांतील अंतर

बारावीचा निकाल साधारणतः मे महिन्यात लागतो व स्थानिक महाविद्यालयांचे प्रवेश त्यानंतर लवकरच सुरू होतात. केंद्रीभूत प्रक्रियेच्या फेऱ्या मात्र पावसाळाभर चालतात. सावधगिरी म्हणून अनेक विद्यार्थी आधी बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवतात. यात गैर काही नाही. परंतु शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो पहिल्या महाविद्यालयात जमा झाला, की पुढील जागा मिळाल्यावर आधीचा प्रवेश रद्द करून दाखला परत घ्यावा लागतो, आणि जागा निश्चित करण्याची मुदत तर मोजक्या दिवसांची असते. दाखला जमा करताना त्याच्या साक्षांकित प्रती व शुल्काची पावती जवळ ठेवावी आणि प्रवेश रद्द करण्याची पद्धत तेव्हाच विचारून घ्यावी.