शस्त्रांचा परवाना व गिऱ्हाइकाची पारख

१९४८ सालीं सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकानें कराचीहून निजामाच्या हैदराबाद संस्थानांत विमानांनीं चोरटीं शस्त्रें पोहोंचविलीं. त्याच काळांत लातूरचा वकील कासीम रझवी याचे रझाकार नांदेड-लातूरकडील गांवें छळीत होते. ब्रिटनमध्यें कॉटनला पुढें दंड झाला अवघा २०० पौंड!

आज भारत स्वतः शस्त्रें निर्यात करतो. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यापार करारावर मात्र त्याची सही नाहीं. तो करार विकणाऱ्या राष्ट्रांस झुकतें माप देतो, ही सरकारची हरकत रास्त आहे. तथापि उधारी देतांना व्यापारीही गिऱ्हाइकाची पत पाहतो. मग बंदुकांच्या निर्यातीस परवाना देतांना त्या कोणावर रोखल्या जातील, हें सरकारनें पाहूं नये काय? प्रत्येक परवान्याचा हिशेब संसदेपुढें यावा. परदेशांतील गांवकऱ्यांचे शिव्याशाप घेऊन कोणत्याही राष्ट्राशीं मैत्री टिकत नाहीं.