वाचणाऱ्या डोळ्यांसाठी

१९४८ पासून बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर औषधांचे दुष्परिणाम आणि मंदावलेली दृष्टी यांमुळे ते अंथरुणाला खिळून होते. तरीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे लेखन त्यांनी महापरिनिर्वाणापूर्वी पूर्ण केले. ज्यांच्यामुळे आमच्या घरांत पुस्तक आले, त्यांनाच वाचण्यासाठी डोळ्यांशी झगडावे लागले, ही जाणीव आम्हांला मधुमेहाकडे अधिक गांभीर्याने पाहायला लावते.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की दृष्टिपटलातील, म्हणजेच डोळ्याच्या पडद्यातील, सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात. त्यांतून द्रव पाझरून पडद्याच्या मध्यभागी सूज येते. पुढच्या अवस्थेत नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात, फुटतात आणि डोळ्यात रक्तस्राव होतो. यात वेदना नसते. आरंभी दिसण्यातही फरक पडत नाही. नजर तपासण्याचा प्रसिद्ध अक्षरतक्ता १८६२ मध्ये याच देशात, उट्रेख्त येथे, हर्मन स्नेलेन यांनी तयार केला. मात्र त्याची शेवटची ओळ बिनचूक वाचणाऱ्याच्या पडद्यावरही हा विकार असू शकतो. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे.

नेदरलँड्समध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची देखभाल बहुधा हाउसआर्ट्सकडे, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरांकडे होते आणि पडद्याचे छायाचित्र हा तिचाच भाग असतो. या प्रकारात निदान होताच पहिली तपासणी करावी, कारण साखर कितीतरी आधीपासून वाढलेली असू शकते. पुढचे अंतर डॉक्टर ठरवतात. १८७३ पासून सुरिनामला नेलेल्या भारतीय मजुरांचे अनेक वंशज आज हेगमध्ये राहतात. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण मूळ डच लोकांपेक्षा बरेच अधिक आहे. आम्ही सडपातळ आहोत, तिशीतले आहोत, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

विकार वेळीच कळला तर लेझर किंवा डोळ्यातील इंजेक्शनांनी दृष्टी बहुधा राखता येते. गेलेली परत मिळेलच असे नाही. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे हा उपचाराचा पाया आहे. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, जाळे किंवा सावली आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

रविवारी नागपूरला, नांदेडला फोन लावताना आम्ही ‘साखर किती?’ एवढेच विचारतो. ‘आई, डोळ्यांत थेंब घालून पडदा शेवटचा कधी तपासला?’ हा प्रश्न राहून जातो. येत्या रविवारी तो विचारू या, आणि स्वतःलाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!