म्हाताऱ्या डबलडेकरची एक्स्प्रेस ड्यूटी

मँचेस्टरच्या गर्दीतून रखडत बाहेर पडायचं, एम 66 मोटरवेवर वेग धरायचा, मग रॉसेनडेलच्या टेकड्या चढून बर्नली गाठायचं. इंग्लंडमधला एक्स 43 हा मार्ग एकाच फेरीत बसला तीन वेगळी कामं सांगतो. या भागातल्या रिबल कंपनीने 1948 मध्ये एक्स्प्रेस मार्गांसाठी खास डबलडेकर आणल्या होत्या. आरामदायी खुर्च्यांच्या त्या पांढुरक्या गाड्यांना लोक ‘व्हाइट लेडी’ म्हणत. खास गाडीला असं काम झेपतं. पंचवीस वर्षं जुनी, मुळात शहरासाठी बांधलेली डबलडेकर त्याच कामाला लावली की मात्र तिची खरी परीक्षा सुरू होते.

ही वेळ का आली? नव्या बसच्या किमतीत सरकारचा वाटा असे, एके काळी तो निम्म्यापर्यंत गेला होता. हे अनुदान 1984 पर्यंत संपलं. ऑक्टोबर 1986 मध्ये लंडनबाहेरची बससेवा खुल्या स्पर्धेला सोडली गेली आणि मालकांनी हात आखडते घेतले. नवी गाडी घेण्यापेक्षा जुनीचं इंजिन उतरवून पुन्हा बांधणं परवडत होतं.

त्यातही इंजिन गार्डनरचं असेल तर विचारायलाच नको. गार्डनरचा कारखाना मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टमध्ये होता. त्याचं 6 एलएक्सबी हे सहा सिलिंडरचं, जवळपास साडेदहा लिटरचं इंजिन ब्रिस्टल व्हीआर आणि लेलँड ऑलिम्पियन या दोन्ही डबलडेकरमध्ये बसवलं गेलं. ताकद 180 अश्वशक्ती, टर्बो नाही, आणि फेरे मिनिटाला फक्त 1850 पर्यंत; त्यापुढे गव्हर्नर त्याला जाऊच देत नाही. कमी फेऱ्यांमुळे झीज कमी, डिझेलही कमी. डेपोवाले या इंजिनावर जीव टाकत ते उगाच नाही.

एक्स्प्रेस मार्गावर हाच गुण आडवा येतो. इंजिनाचे फेरे बांधलेले, त्यामुळे गाडीचा कमाल वेग ठरतो मागच्या डिफरन्शलच्या दातांवर. शहरी हिशेबाचे दात असतील तर ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास गाडी अडते. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी सुई हलत नाही आणि मागून ट्रक हेडलाइट मारत राहतात. दात बदलून वेग वाढवता येतो, पण मग चढावर भरल्या गाडीचा पिकअप जातो. गिअर सारखे खाली आणावे लागतात, आणि सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले पट्टे लवकर झिजतात. टेकडी हवी की मोटरवे, हे वर्कशॉपमध्येच ठरवावं लागतं. एक्स 43 सारख्या मार्गाला दोन्ही हवं असतं.

चढ कसाबसा निघतो, खरी काळजी उताराची. जुने ड्रम ब्रेक सलग दाबले की तापतात, आणि तापले की धरत नाहीत. यावर उपाय रिटार्डरचा, म्हणजे चाकांचे ब्रेक न दाबता गाडीचा वेग कमी करणाऱ्या यंत्रणेचा. ऑलिम्पियनच्या हायड्रासायक्लिक गिअरबॉक्समध्ये तो आतच बसवला होता. कल्पना छान, पण हा गिअरबॉक्स तेल गळण्यासाठी बदनाम झाला. माझं मत विचाराल तर साध्या, जुन्या गिअरबॉक्सची गाडी आणि उताराआधीच गिअर टाकणारा ड्रायव्हर ही जोडी जास्त भरवशाची.

गाडी उलटेल ही प्रवाशांची भीती मात्र बरीचशी अनाठायी. वरच्या मजल्यावर पूर्ण भाराइतकं वजन ठेवून गाडी 28 अंशांपर्यंत तिरकी करतात. तेवढ्यात ती उलटता कामा नये, असा ब्रिटनचा नियम. इंजिन, गिअरबॉक्स, चासी हे सगळं जड सामान तळाशी असल्यानेच हे जमतं. वाऱ्याची गोष्ट वेगळी. स्कॉटलंडच्या फोर्थ रोड ब्रिजवर झोत ठरावीक वेगापलीकडे गेला की इतर गाड्यांच्या आधी डबलडेकरना बंदी होते.

आपल्या बेस्टच्या डबलडेकरचं आयुष्य या एक्स्प्रेस ड्यूटीच्या नेमकं उलट गेलं. 1937 मध्ये मुंबईत आलेली ही बस मुख्यतः सिग्नल ते सिग्नल धावली. जुन्या डिझेल डबलडेकरची शेवटची फेरी 15 सप्टेंबर 2023 ला झाली. तिला क्लच आणि ब्रेकच्या लायनरने छळलं. मोटरवेवर तासभर एकाच वेगाने तापत राहणं तिच्या वाट्याला आलं नाही.

जुन्या गाडीला एक्स्प्रेसचं काम झेपतं, पण वेळापत्रक तिच्या वेगाला धरून असेल तरच. नव्या गाडीची वेळ जुनीवर लादली, की ड्रायव्हर हरवलेली पाच मिनिटं उतारावर भरून काढू पाहतो. मग लायनर जातात, पाठोपाठ गिअरबॉक्स जातो, आणि दोष मात्र वयाला लागतो.

ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 2017 पासून नियमित मार्गावरच्या प्रत्येक डबलडेकरमध्ये व्हीलचेअर चढण्याची सोय सक्तीची झाली. दारात पायऱ्या असलेल्या जुन्या ऑलिम्पियन त्यामुळे मार्गावरून उतरल्या. त्यांतल्या कित्येकींची इंजिनं तेव्हाही ठणठणीत होती.