सक्तीचा एकांत आणि वेळेचा विनियोग

साथीच्या रोगाचा फैलाव रोखण्यासाठी आजारी अथवा संशयित व्यक्तीने काही काळ इतरांपासून दूर राहावे, हा शतकानुशतके चालत आलेला उपाय आहे. बाहेरून आलेली जहाजे व्हेनिसच्या बंदरात चाळीस दिवस अलग ठेवली जात. त्या चाळीस दिवसांवरूनच 'क्वारंटाइन' हा शब्द रूढ झाला. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने 'विलगीकरण' हा त्याचा मराठी पर्याय खेडोपाडी पोहोचविला. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि कोट्यवधी कुटुंबांना घराबाहेर पडणे अशक्य झाले.

घरी का थांबावयाचे, हे बहुतेकांना समजले होते. घरी थांबून दिवस कसा काढावयाचा, हा प्रश्न मात्र अनेकांना सुटला नाही. सुटीचा वेळ माणूस स्वतः मागून घेतो. सक्तीचा वेळ त्याच्यावर येऊन पडतो. त्याच्यासोबत काळजी असते, अनिश्चितता असते आणि आपण निरुपयोगी झालो आहोत, ही बोचणीही असते. अशा वेळेचे काय करावे, याचा एक बोलका दाखला अहिल्यानगर जिल्ह्यातच, पूर्वीच्या अहमदनगर शहरातील भुईकोट किल्ल्यात आहे.

किल्ल्यातील बारा स्थानबद्ध

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच नेत्यांची धरपकड झाली. महात्मा गांधींना पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिस्त झाले. त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, आचार्य कृपलानी, डॉ. पट्टाभि सीतारामय्या, डॉ. सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव यांचा समावेश होता.

येथे कारण रोगाचे नव्हते, राजकीय स्थानबद्धतेचे होते. तथापि मनापुढील प्रश्न तोच होता. सुटका केव्हा होईल, हे कोणासही ठाऊक नव्हते. आरंभी वृत्तपत्रेही मिळत नव्हती. पुढे ती मिळू लागली, तेव्हा बंगालमधील १९४३ च्या भीषण दुष्काळाच्या वार्ता त्यांतून आल्या. देशबांधव अन्नावाचून मरत असताना आपण भिंतीआड स्वस्थ बसून आहोत, ही वेदना साधी नव्हती.

लेखणीपूर्वी कुदळ

नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ याच किल्ल्यात लिहिला, हे सर्वश्रुत आहे. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी सुमारे एक हजार हस्तलिखित पृष्ठे लिहून काढली. १९४६ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे त्यावर आधारित 'भारत एक खोज' ही श्याम बेनेगल यांची मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवरून घरोघर पोहोचली.

या लेखनाला आरंभ झाला तेव्हा स्थानबद्धतेचे वीस महिने उलटून गेले होते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. तोपर्यंत नेहरूंच्या हाती लेखणीपेक्षा कुदळच अधिक होती. अंगणातील जमीन निकस, दगडगोट्यांनी व राडारोड्याने भरलेली होती. ती खणून त्यांनी फुलझाडांचे वाफे तयार केले. खोदताना जुन्या भिंतींचे व घुमटांचे अवशेष लागत. निजामशाहीचा आणि चांदबिबीच्या पराक्रमाचा इतिहास त्या मातीखाली होता. मन लेखनास तयार नसेल, तर शरीराला काम द्यावे. मन यथावकाश मागून येते, असे या क्रमावरून दिसते.

दिनक्रमाचा आधार

मौलाना आझाद यांची रीत वेगळी होती. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठून ते स्वतःच्या हाताने चहा करीत आणि लेखनास बसत. आपले स्नेही हबीबुर रहमान खाँ शेरवानी यांना उद्देशून त्यांनी पत्रे लिहिली; ती पाठविता येणार नव्हती. चहा, संगीत, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या, असे त्यांचे विषय होते. 'गुबार-ए-खातिर' या नावाने १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा पत्रसंग्रह उर्दू गद्याचा मानदंड मानला जातो.

एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे कलकत्त्यास निधन झाले. त्यांची अखेरची भेटही आझादांना घडली नाही. त्यांनी दिनक्रम मोडू दिला नाही; परंतु ही शांतता वरवरची होती, हेही पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले. दिनक्रम दुःख नाहीसे करीत नाही. दुःखात उभे राहण्यापुरता आधार देतो.

इतरांनीही आपापले काम शोधले. आचार्य नरेंद्र देव यांनी वसुबंधूच्या 'अभिधर्मकोश' या बौद्ध ग्रंथाच्या हिंदी अनुवादाचे काम केले. महताब यांनी ओरिसाचा इतिहास लिहिला. पट्टाभींनी दैनंदिनी ठेवली; ती 'फेदर्स अँड स्टोन्स' म्हणून १९४६ मध्ये प्रकाशित झाली. एकाला अडले की दुसऱ्याच्या ज्ञानाचा उपयोग होई. आपल्या ग्रंथात नेहरूंनी आझाद, पंत, नरेंद्र देव व असफ अली यांचे ऋण नमूद केले आहे.

सर्वांचा वेळ सारखा नसतो

याच किल्ल्यातील एक उलट उदाहरणही आझादांनी नोंदविले आहे. आतील वार्ता बाहेर फुटू नये म्हणून कामास आणलेल्या आचाऱ्यास पुन्हा बाहेर जाऊ देत नसत. अशा रीतीने अडकलेल्या एका आचाऱ्याचे चित्त कामात लागेना. नेत्यांनी तुरुंगवास जाणूनबुजून पत्करला होता आणि त्यांच्यापाशी ग्रंथ होते. त्या बिचाऱ्याला यांपैकी काहीच नव्हते.

घरातील विलगीकरणातही हा भेद विसरता कामा नये. टाळेबंदीत कोणाचा रोजगार बुडाला, तर कोणाचे काम दुप्पट झाले. सर्व माणसे दिवसभर घरी असली की गृहिणीला उसंत मिळत नाही. तिला 'वेळेचा सदुपयोग कर' असे सांगणे अन्यायाचे आहे. पाणी भरणे, धान्य निवडणे, भांडी घासणे, मुलांचा अभ्यास घेणे ही कामे घरातील निरोगी माणसांनी वाटून घेतली, तरच प्रत्येकाच्या वाट्याला थोडा निवांत वेळ येतो.

घरी थांबावे लागल्यास

साथ कोणतीही असो, वैद्यकीय सल्ल्याने घरी थांबण्याची वेळ पुन्हा येऊ शकते. अशा वेळी विश्रांती व औषधोपचार यांना प्रथम स्थान द्यावे. ताप उतरून अंगात ताकद आल्यावर उठण्याची, जेवणाची व झोपेची वेळ ठरवून घ्यावी. वेगळ्या खोलीत असताना बेताचा व्यायाम करावा. विलगीकरण संपले की परसातील अथवा कुंडीतील रोपांची निगा राखावी. बातम्या दिवसातून एकदोनदाच पाहाव्यात. दूरध्वनीवरून आप्तेष्टांशी रोज बोलावे. घरातील वडीलधाऱ्यांकडून गावाच्या, शेतीच्या, दुष्काळाच्या आठवणी ऐकून मुलांनी वहीत उतरवाव्यात. उदासीनता हटत नसेल, झोप उडाली असेल, तर ते डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा मानू नये.

प्रत्येकाच्या हातून ग्रंथ होणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. किल्ल्यातील बंदिवानांनाही पहिल्या दिवशी ग्रंथ सुचला नव्हता. त्यांनी मिळालेल्या अंगणात वाफे केले, ठरल्या वेळी चहा केला, एकमेकांना शिकविले. बंद दाराआडचा एक दिवस नीट पार पाडणे एवढेच माणसाच्या हाती असते, आणि तेवढे पुरेसे असते.